मधला 'त'

लिफ्टचं दार उघडलं तेव्हा आत पाचव्या मजल्यावरच्या बाई उभ्या होत्या आणि त्यांच्या दोन्ही हातांत इस्त्रीला द्यायच्या कपड्यांचं गाठोडं होतं, जुन्या चादरीत आवळून बांधलेलं. "खाली?" त्यांनी विचारलं. त्या रोजच विचारतात. लिफ्ट वर निघालेली असली तरी विचारतात, काहीतरी बोलायला हवं म्हणून. भाच्याने, म्हणजे फायर ब्रिगेडमध्ये सगळे ज्याला भाचा म्हणत त्याने, हो म्हणायचं आणि आत शिरून दाराकडे तोंड करून उभं राहायचं, एवढंच काम होतं. त्याऐवजी त्याचा डावा हात पुढे गेला आणि त्याने ते गाठोडं दाबलं. आधी वरून, मग बाजूने, बोटं पसरून, जरा जोर देऊन, आत काही टणक लागतंय का ते बघत. बाई मागे सरकल्या. "अहो, काय करताय?" आवाजात राग नव्हता, नुसतं आश्चर्य होतं, आणि तेच जास्त लागलं. "निसटतंय असं वाटलं," भाचा म्हणाला. "निसटत नव्हतं हो," बाई म्हणाल्या. किल्ली राहिली की काय असं पुटपुटत तो मागे झाला आणि दार मिटलं. मग तीन मजले जिन्याने उतरताना त्याने तो डावा हात पँटच्या खिशात घालून ठेवला होता, एखाद्या वांड पोराचं मनगट धरून ठेवावं तसा.

साडेअकराला त्याला डॉक्टरबाईंकडे जायचं होतं. फायर ब्रिगेडच्या मुख्य कचेरीमागे एक इमारत आहे. तिच्या दुसऱ्या मजल्यावर पूर्वी फुटकी हेल्मेटं आणि जुने कंदील ठेवायची खोली होती, तिथे गेल्या वर्षापासून या बाई बसायला लागल्या होत्या. त्या छाती तपासत नसत, जीभ बघत नसत. नुसतं बोलायचं. म्हणून स्टेशनात त्यांना गप्पांच्या डॉक्टर म्हणत. वाईट आग पाहून आलेल्या माणसाने त्यांच्याकडे दोनदा जायचं. दुसऱ्या भेटीच्या शेवटी त्या एका कागदावर सही करत आणि त्या सहीवर ठरे की माणूस परत गाडीवर जाणार की कंट्रोल रूममध्ये फोन घ्यायला बसणार. पहिल्या भेटीत भाच्याने चौदा प्रश्नांपैकी अकरा प्रश्नांना "ठीक आहे" असं उत्तर दिलं होतं. झोप ठीक आहे, भूक ठीक आहे, घरी ठीक आहे. डॉक्टरबाईंनी पेन बाजूला ठेवून विचारलं होतं, "माझ्याकडे येणारे सगळेच ठीक असतात. मग मला इथे बसवलंय कशाला?" आणि भाचा चक्क हसला होता. आज पुन्हा तेवढंच ठीक आहे म्हटलं की सोमवारी तो गाडीवर. गाडीच्या मागच्या बाकावर, डावीकडच्या खिडकीशी, बावीस वर्षं त्याची जागा होती. त्या जागेवर नसलेला असा तो स्वतःच्या डोळ्यांसमोर येतच नसे. सकाळी चहाच्या वेळी बायको म्हणाली होती, "खरं सांगा तिथे. मला नका सांगू, पण तिथे तरी सांगा. उशी दाबदाबून बघता तुम्ही आडवं व्हायच्या आधी. मला दिसत नाही असं समजू नका." मग कप विसळता विसळता तिने आणखी एक सांगितलं. "वहिनींचा फोन होता, तुमच्या साहेबांच्या घरून. एकदा येऊन जा म्हणाल्या. साहेबांचं काही बरं नाही म्हणे." "काय होतंय?" "ते नाही सांगितलं. मागे टीव्ही एवढा मोठा लावलेला की मला त्यांचंच ऐकू येईना."

साहेबांचं घर वाटेवरच होतं. वाटेवर होतं म्हणूनच तो गेले दोन महिने दुसऱ्या वाटेने जात होता.

बेकरीवरून वळलं की चढाचा रस्ता लागतो आणि त्याच्या टोकाला ट्रेनिंगचं मैदान. आता तिथे भिंत घातली आहे, पण भिंतीवरून धुराच्या खोलीचं पत्र्याचं छप्पर अजून दिसतं. भाचा तिथे थांबला. चोविशी-पंचविशीची बाराजणं होती त्यांची तुकडी, बाराही जणांच्या डोळ्यांवर काळी पट्टी, आणि आत ओल्या गवताचा धूर. खोलीत कुठेतरी भुशाने भरलेलं एक पोतं दडवलेलं असे, माणसाच्या वजनाचं, हात-पाय शिवलेलं. त्याला कुणीतरी मावशी नाव पाडलं होतं. "मावशी सापडली का?" असं बाहेरून ओरडायचे आणि आतून खोकत कुणीतरी उत्तर द्यायचं, "मावशी माहेरी गेलीय." साहेब तेव्हा साहेब नव्हते. लीडिंग फायरमन होते, काटकुळे, मिशी नुकती जाड व्हायला लागलेली, आणि शोध कसा घ्यायचा ते तेच शिकवत. उजवा हात भिंतीवर, तो कधी सुटायचा नाही. डाव्या हाताने आणि डाव्या पायाने जमीन चाचपायची. पलंगाच्या वर, पलंगाच्या तळाशी, दाराच्या मागे. "डोळ्यांना सुट्टी, हाताला ड्युटी," ते म्हणायचे, आणि पोरं त्यांच्यामागे त्याच चालीवर वाटेल ते जोडायची. जिभेला सुट्टी, पोटाला ड्युटी. मावशीला दर वेळी याने पहिल्यांदा शोधलं. पोत्यात आणि माणसात, चादरीत आणि अंगात हाताला काय फरक लागतो ते त्याला न शिकवता कळायचं. एकदा तर साहेब स्वतःच पोत्याच्या जागी जाऊन पडले होते. याने हात लावला, दाबला, आणि शांतपणे म्हणाला, "ही मावशी नाही. हिला मिशी आहे." त्या दिवसापासून तो भाचा झाला. बायकोच्या माहेरी हे कळल्यावर तिच्या खऱ्याखुऱ्या मावशीने त्याला लग्नात चिडवलं होतं, तुझ्या किती मावश्या आहेत ते आधीच सांगून टाक म्हणून. आता सत्तेचाळीस वर्षांच्या, कपाळ मागे हटलेल्या माणसाला नवी पोरं भाचे म्हणून हाक मारतात आणि त्यांना त्यातलं काही वेगळं वाटत नाही. आडनावच समजतात.

धुराच्या खोलीमागे मनोरा होता. पाण्याचे कॅनव्हासचे पाइप वाळवायचा. आगीवरून आलं की पाइप जमिनीवर लांबच लांब पसरायचे, ब्रशने घासायचे, मग दोरीने मनोऱ्यावर चढवून टांगायचे, साठ-साठ फूट, आणि त्यांतून पाणी टपटपत राहायचं. दोन तास जायचे त्यात. किती कंटाळा करायचे सगळे, काय काय बोलायचे त्या पाइपांच्या आईबापांबद्दल. पण आज भिंतीशी उभं राहून त्याला आठवत होते ते तेच दोन तास. चौघं उकिडवे बसून एकाच पाइपवर ब्रश चालवतायत, कुणी कुणाच्या तोंडाकडे बघत नाही, आणि अर्ध्या पाऊण तासाने कुणीतरी एकदम म्हणतो, "त्या पोरीच्या पायात एकच चप्पल होती." बस्स. त्यावर कुणी काही बोलायचं नाही. जरा वेळाने दुसरा म्हणायचा, "दुसरी मी पाहिली. जिन्यात होती." ब्रश चालूच. मग चहा, आणि चहा झाल्याशिवाय साहेब कुणालाही घरी सोडायचे नाहीत. नंतर प्लास्टिकचे नवे पाइप आले. ते वाळवावे लागत नाहीत, झटकून गुंडाळले की झालं. मनोऱ्यावर मोबाइलवाल्यांचे खांब चढले. आगीवरून आलं की आता हात धुऊन रिपोर्ट भरायचा आणि दहा मिनिटांत माणूस मोकळा. मोकळा म्हणजे काय, तर बसमध्ये खिडकीशी बसलेला, आणि शेजारचा माणूस त्याच्या अंगाला कसला वास येतोय म्हणून हळूच नाक चोळतोय.

बावीस वर्षांत त्याने खाली हा शब्द किती वेळा उच्चारला असेल. शिडी खाली घे, जरा खाली मार पाणी, खाली बघ. आणि धुरातून वॉकीवर बोलताना हाच शब्द दोन कामं करायचा. खोलीत कुणी नसलं की म्हणायचं 'खोली खाली'. माणूस पडलेला सापडला की 'एक खाली', नाहीतर 'खोलीत खाली'. बाहेरच्याला गोंधळ वाटेल, पण त्यांना कधी वाटला नव्हता. घरात आई आणि सासू दोघींनाही आईच म्हणतो माणूस, आणि कुणाची हाक कुणाला ते कळतंच की. चार महिन्यांपूर्वी, दुपारी पावणेतीनला, एका तीन मजली इमारतीच्या जिन्यात मीटर पेटले. आग फारशी नव्हतीच, धूर होता, रबराचा, काळा, अंगाला चिकटणारा. भाचा तिसऱ्या मजल्यावर शिरला. जोडीदार पाइप धरून दाराशी. खोली शिवणकामाची होती. उजवा हात भिंतीवर. कपाट. खिडकी, बंद. मशीनचं पायडल. मग एक अवजड टेबल, कलंडलेलं, आणि त्याच्या आडोशाला गाठोडी. एक, दोन, तीन, गिऱ्हाइकांचे कपडे बांधून ठेवलेले. डाव्या हाताने त्याने ती दाबली. मऊ. पुढचं मऊ. त्याच्या पुढचं मऊ. टाकीतली हवा संपत आल्याची शिट्टी वाजायला लागली होती, आणि अजून दोन खोल्या राहिल्या होत्या. त्याने वॉकीवर सांगितलं, "तिसरा मजला. खोली खाली." रस्त्यावरून साहेबांनी उत्तर दिलं, "ठीक. पुढची घे." चाळीस मिनिटांनी धूर निवळल्यावर टेबलामागे ती शिवणकाम करणारी म्हातारी सापडली. अंगाने लहानखुरी, दोन गाठोड्यांना लागून, तिसऱ्यासारखी. तो बोलला तेव्हा ती जिवंत होती की नव्हती हे पुढे कुणालाच सांगता आलं नाही.

तेव्हापासून त्याचा तळहात ते परत परत करून बघतो. पहिलं मऊ कापूस होतं, गादीच्या खोळी असतील. दुसरं सरकणारं, रेशमी काहीतरी. तिसऱ्यापाशी येऊन हात अडतो. त्याला वाटतं तिसरं जरा उबदार होतं. पण सगळी खोलीच उबदार होती, हातमोजा जाड होता, आणि हातमोज्यातून ऊब कळत नाही हे त्यानेच नव्या पोरांना शिकवलंय. मग हे उबदार आलं कुठून. हा त्याचा हात बावीस वर्षांत एकदाही चुकला नव्हता. आणि चुकला नसेल तर मग त्या हाताला कळलं होतं आणि तोंडाने ऐकलं नाही, असं होतं. यांतलं कुठलं बरं, हे त्याला ठरवता येत नव्हतं.

चौकशीचा दिवस त्याला मात्र लख्ख आठवतो. लांब टेबल, पलीकडे तीन अधिकारी, मध्ये पाण्याचा जग. आधी साहेबांचा जबाब झाला. साहेब उभे राहून, प्रत्येक शब्द मोजून सांगत होते. माझा माणूस टेबलाशी गेला, टेबल एकट्याने उचलण्यासारखं नव्हतं, बाई त्यात अडकलेली होती. नियमाप्रमाणे त्याने वर्दी दिली, की दुसरी जोडी पाठवा. तो 'खोलीत खाली' म्हणाला. मी 'खोली खाली' ऐकलं आणि त्याला पुढे पाठवलं. दुसरी जोडी पहारी घेऊन माझ्या शेजारी उभी होती, तिला मी हलवलंच नाही. चूक ऐकण्यात झाली, ती माझी. हातातल्या वॉकीवरचं काही कुठे साठवलं जात नाही. जोडीदाराला पाण्याच्या आवाजात काही ऐकू आलेलं नव्हतं. राहिले दोघंच. मधल्या अधिकाऱ्याने विचारलं, "साहेब म्हणतात ते बरोबर आहे?" भाच्याने साहेबांकडे पाहिलं. साहेब समोरच्या भिंतीकडे बघत होते. त्याला वाटलं, हे मला वाचवतायत. यांची नोकरी संपत आलेली, माझी अजून अकरा वर्षं, मुलीचं शिक्षण, आणि हे मला दोर टाकतायत. तो "हो" म्हणाला. साहेबांची बदली भांडारात झाली, महिन्याभरात त्यांनी राजीनामा दिला. भाच्याने त्यांना एका शब्दाने कधी धन्यवाद म्हटलं नाही, कारण धन्यवाद कशाबद्दल ते बोलावं लागलं असतं. वरून परिपत्रक आलं, वायरलेसवर 'खाली' हा शब्द वापरू नये, 'रिकामी' किंवा 'माणूस सापडला' असे म्हणावे. ते फलकावर लागलं आणि आठवड्याभरात पोरांनी त्याचा खेळ केला. "बादली कुठंय रे?" "रिकामी ठेवलीय." "मी जरा रिकामी जाऊन सिगारेट ओढून येतो." भाचाही हसायचा. हसताना तो फलकाकडे पाठ करून उभा राहायचा.

साहेबांच्या दाराशी तो पोचला तेव्हा साडेदहा झाले होते. टीव्हीचा आवाज जिन्यापर्यंत येत होता, कसल्याशा शेतकी कार्यक्रमाचा. वहिनींनी दार उघडलं आणि भुवया आतल्या दिशेने उडवल्या. साहेब खुर्चीत बसले होते, दाढी वाढलेली, अंगात बनियन. घरात साहेबांना बनियनवर त्याने बावीस वर्षांत पाहिलं नव्हतं. त्यांनी टीव्ही बंद केला.

"आलास. तुझी ती गप्पांची डॉक्टर किती वाजता?"

"साडेअकराला."

"जोरात बोल."

"तो जोरातच बोलतोय," वहिनी म्हणाल्या.

"तू मध्ये बोलू नकोस. हे बघ, भाच्या." साहेबांनी टेबलावरून एक कागद उचलला. त्यावर चौकटी होत्या आणि चौकटींतून गेलेल्या दोन रेघा. "कान तपासून घेतले. डॉक्टर म्हणतो, पंचविशीतल्या पोराचे कान आहेत. म्हटलं हा काहीतरी फेकतोय. दुसऱ्याकडे गेलो. तोही तेच. आता दोघांची मशीनं एकाच कंपनीची, मग दुसरं काय निघणार?"

"तिसरा डॉक्टर शोधून ठेवलाय," वहिनी म्हणाल्या. "बसने दोन तास."

भाच्याला वाटलं, साहेब वहिनींसमोर नाटक वठवतायत. घरीही तेच सांगितलं असणार, तर ते निभावायला हवं. त्याने डोळ्यांनी खूण करावी म्हणून त्यांच्याकडे पाहिलं, पण साहेबांची नजर कागदावर होती, आणि ती नजर त्याच्या ओळखीची होती. पूर्वी आगीनंतर जळक्या खोलीत उभं राहून सुरुवात कुठून झाली ते शोधताना ते असेच बघायचे.

"मी हिच्याकडून म्हणवून घेतो," साहेब म्हणाले. "ही स्वयंपाकघरात उभी राहते, दार लोटून, नळ सोडून. तोंडाला पदर. कधी म्हणते खोलीत खाली, कधी म्हणते खोली खाली. मी इथे बसून ओळखायचं. पन्नासात पन्नास, भाच्या. एकदाही चुकत नाही."

"काल एक चुकलात."

"काल तू खोकलीस." त्यांनी कागद ठेवला. "म्हणजे कान चांगले आहेत. मग त्या दिवशी तो मधला त गेला कुठे? तू म्हणालास, आणि माझ्यापर्यंत आला नाही. तेवढं एक अक्षर. मी सगळं जुळवून बघतो रे. पंपाचा आवाज होता, पण पंप डावीकडे होता. लोक ओरडत होते, पण ते तर नेहमीच ओरडतात. मग एकच राहतं, की कानाने ऐकलं आणि मी ऐकलं नाही. माझं लक्ष नव्हतं. माझा माणूस आत, आणि माझं लक्ष नाही. कुठे होतं ते काही केल्या आठवत नाही. तुला मी एकच विचारतो, उगाच माझं मन राखायला जाऊ नकोस. तू तो त नीट म्हणाला होतास ना? की गिळला होतास थोडा? थोडा जरी गिळला असशील तर…"

वहिनी आत निघून गेल्या. स्वयंपाकघरात त्यांनी एक भांडं विनाकारण उचलून दुसरीकडे ठेवल्याचा आवाज आला.

भाचा उभाच होता. त्याच्या लक्षात यायला लागलं ते हळूहळू, धुरात एखाद्या वस्तूचा काठ हाताला लागावा आणि मग ती केवढी आहे ते कळत जावं तसं. साहेबांनी दोर टाकलेला नव्हता. साहेब कुणालाही वाचवत नव्हते. कलंडलेलं टेबल बघून, म्हातारी बघून त्यांनी मनाशी हिशेब मांडला असणार, की भाच्याच्या हातून माणूस सुटत नाही, सुटलेला नाही, म्हणजे त्याने सांगितलं असणार, म्हणजे मी ऐकलं नाही. त्या धुराच्या खोलीत मिशीवर हात पडला तेव्हापासून ते या हाताला मानत आले होते, आणि त्या हाताच्या जागी त्यांनी स्वतःचे कान कापून दिले होते. चार महिने. आणि हा त्यांच्या उपकाराचं ओझं वाहत दुसऱ्या वाटेने कामावर जात होता. आता नुसतं "थोडा गिळला होता, साहेब" एवढं म्हटलं तरी भागत होतं. साहेब आज सुखाने जेवले असते. सोमवारी भाचा गाडीवर गेला असता, खिडकीशी बसला असता. आणि तिसऱ्या मजल्यावर कुठेतरी पुन्हा तोंड उघडायची वेळ आली असती.

"साहेब," तो म्हणाला, "त नव्हता."

"म्हणजे गिळलास."

"गिळला नाही. नव्हताच. मी खोली खाली म्हणालो. रिकामी म्हणालो मी. मला ती लागली नाही. लागली असेल, पण मला कळली नाही. मला वाटलं कपडे आहेत."

साहेबांनी ऐकलं. ते त्याच्याकडे बघत राहिले, आणि भाच्याला वाटलं ते आता उठतील, निदान शिवी तरी देतील. त्यांनी डाव्या कानाची पाळी चिमटीत धरली, सोडली, मग उजव्या कानाची धरली.

"मग मी बरोबर ऐकलं होतं," ते म्हणाले.

"हो."

"जे बोललास तेच ऐकलं होतं."

"हो, साहेब."

"अगं ए," त्यांनी आत हाक मारली, पण वहिनी दारातच उभ्या होत्या, पदराने डोळे पुसत. समोरच्या इमारतीत कुणीतरी गाद्या झटकत होतं, धप्, धप्, आणि भाच्याच्या हाताची खिशात मूठ झाली होती. मग साहेबांना राग आला. तो सावकाश आला, जिन्याने चढून आल्यासारखा. "चार महिने," ते म्हणाले. "चार महिने मी या बाईला नळाशी उभी करतोय. दोन डॉक्टरांना खोटं ठरवलं. आणि तू काय करत होतास? ठीक आहे, ठीक आहे?"

"मला वाटलं तुम्ही मला सांभाळून घेताय."

"मी? चौकशीत खोटं बोलेन मी?" हे त्यांना आधीच्या सगळ्यापेक्षा जास्त लागलेलं दिसलं. "तुझ्यासाठी? तू माझा कोण, भाचा?" आणि बोलून गेल्यावर ते त्यांना स्वतःलाच ऐकू आलं. वहिनींच्या तोंडून हसू फुटलं, रडता रडता, नाकातून. साहेब हसले नाहीत, पण त्यांची मान जरा हलली. ते उठून आत गेले. नळ वाहिल्याचा आवाज आला. बाहेर आले तेव्हा अंगात शर्ट होता, तोंड धुतलेलं होतं, दाढी तशीच.

"चल. एकटा गेलास तर जिना चढेपर्यंत तुझं परत सगळं ठीक होईल."

दोघं रस्त्याला लागले. साहेब पूर्वीसारखे अर्धं पाऊल पुढे चालत होते. एका गाडीने मागून हॉर्न दिला तर ते थांबले, वळून तिच्याकडे बघत राहिले, आणि पुढच्या चौकापर्यंत प्रत्येक आवाजाला त्यांनी असंच केलं. सायकलची घंटा, शटर, कुणीतरी कुणाला चौथ्या मजल्यावरून मारलेली हाक. भाचा त्यांच्यासाठी थांबत होता. त्याला काही हलकं वाटत नव्हतं. नव्याने चौकशी होईल. कंट्रोल रूम तर नक्कीच, कदाचित तीही नाही. मुलीला सांगावं लागेल, आणि त्या म्हातारीचा एक पुतण्या होता, त्याला. बायकोला सांगितलं की ती आधी विचारेल, जेवलात का. साहेब एकदा न वळता म्हणाले, "टेबलामागे मीही गेलो असतो तरी कपडेच समजलो असतो कदाचित." आणि जरा वेळाने, "कदाचित नसतो समजलो." दोन्ही वाक्यं त्यांनी तशीच राहू दिली.

डॉक्टरबाईंच्या खोलीबाहेर एक लाकडी बाक होता. साहेब त्यावर टेकले, गुडघ्यांवर हात ठेवून. आत गेल्यावर बाईंनी तेच कागद पुढे ओढले, तेच चौदा प्रश्न, पेनाचं टोपण काढलं आणि दाराकडे नजर टाकली.

"बरोबर कुणी आलंय का?"

"आमचे साहेब आहेत."

"त्यांनाही आत बोलवायचंय?"

"नको," भाचा म्हणाला. "त्यांनी ऐकलंय." बाई पुढच्या शब्दाची वाट बघत होत्या. त्याने खिशातला हात बाहेर काढला आणि टेबलावर ठेवला, तळवा वर करून. "त्या दिवशीही बरोबरच ऐकलं होतं त्यांनी. तिथपासून सांगतो. लिहून घ्या."